घरबंदीतली विहीर

सावळधरा, पोस्ट वडनेर
२८ सप्टेंबर १९९४

आदरणीय हिरालालमामा,
सविनय जयभीम.

शेजारच्या धुरपताआजी आज वडनेरच्या बाजाराला जातील, त्यांच्याच हातून हे पत्र पेटीत पडेल. आम्हाला फाटकाबाहेर पाय टाकायची बंदी आहे.

रत्नदीपदादा रविवारी सुरतेहून आला. तिथे प्लेग सुरू झाला आणि त्याच्या कापडाच्या कारखान्यातले सगळेच पळाले, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. दादा आधी घरी आला नाही. हिंगणघाटला उतरला तो सरळ दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, काखेत गाठ आहे का ते पाहिलं, कॅप्सूल दिल्या आणि चिठ्ठीवर लिहून दिलं की आजाराचं एकही लक्षण नाही. ती चिठ्ठी खिशात घेऊनच तो गावात शिरला.

सोमवारी सकाळी मायच्या नावानं दवंडी झाली. कमलाबाईच्या घरचं कोणी पंधरा दिवस बाहेर पडणार नाही. हापशीवर नाही, दुकानात नाही, कोणाच्या वावरात कामाला नाही. दुपारी सरपंच बंडूजींची माणसं आली आणि फाटकासमोर बाभळीच्या काटेरी फांद्या रचून गेली. दादानं कुंपणाआडून डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. बंडूजी रस्त्याच्या पलीकडे नाकाला रुमाल लावून उभे होते. म्हणाले, "कागदाले काय चाटू? पंधरा दिवस म्हंजे पंधरा दिवस."

आता पुढचं ऐका. बंडूजींचा पुतण्या योगेंद्र साड्यांचा माल आणायला गेला होता, तोही सुरतेलाच. तो दादाच्याच गाडीनं, दादाच्याच डब्यातून परत आला. दोघांनी एका बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले. योगेंद्र दवाखान्यात गेलाच नाही. आज तो बंडूजींच्या किराणा दुकानात बसून साखर मोजून राह्यला. धुरपताआजींनी कालचं मीठ त्याच्याच हातून आणलं. प्लेग काय घर पाहून शिरतो का, मामा?

तुम्ही वर्ध्याला जिल्हा परिषदेच्या एवढ्या मोठ्या कचेरीत अठरा वर्षं बाबू आहात. आरोग्याच्या साहेबांची खोली तुमच्याच इमारतीत आहे असं तुम्ही म्हणता. त्यांना एकदा विचारा की असं कोणाला कोंडता येतं का. येत नसेल तर तसं दोन ओळी लिहून पाठवा. माय म्हणते, "हिराचा कागद आला की हे काटे आपोआप निघन." मायचा तुमच्यावर फार भरवसा आहे.

मामींना जयभीम.

तुमची भाची,
नंदिनी


बोरगाव मेघे, वर्धा
१ ऑक्टोबर १९९४

चि. नंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. एक दिवस उन्हात ठेवून मग वाचले. गैरसमज करून घेऊ नकोस. वर्तमानपत्रात तशी सूचना होती, आणि तुझ्या मामीचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

गावाने घेतलेला निर्णय गावाच्या हिताचाच असणार. अशा वेळी भावनेच्या आहारी न जाता सहकार्य करावे. योगेंद्रबाबत तू लिहिलेस ते ऐकीव असू शकते. पंधरा दिवस म्हणजे काही जन्मठेप नव्हे. मला तर वाटते, ही एक संधीच तुम्हाला चालून आली आहे. आम्हा नोकरदारांना असा सलग रिकामा वेळ स्वप्नातही मिळत नाही. त्याचा सदुपयोग कसा करावा यासाठी मी एक वेळापत्रक आखले आहे. पहाटे पाचला उठून अर्धा तास व्यायाम करावा. मग स्नान, वंदना आणि सामुदायिक वाचन. न्याहारीनंतर तू बी.ए.चा अभ्यास करावास आणि रत्नदीपने रोज चार पाने शुद्धलेखन काढावे, त्याचे हस्ताक्षर फार गिचमिड आहे. दुपारी तुम्ही मायलेकींनी विणकाम शिकावे. सायंकाळी अंगणात फुलझाडे लावावीत. जुन्या वर्तमानपत्रांची पाकिटेही करता येतात. वेळापत्रक वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात काढून सोबत जोडले आहे, ते भिंतीवर लावावे.

तुझ्या आईला, आमच्या बाईला, सांग, जन्मभर राबलीस, आता चार दिवस पाठ टेक. अशी विश्रांती तिला दुसऱ्या कोणी दिली नसती.

कचेरीत सध्या फार धावपळ आहे. तरी योग्य वेळ पाहून विषय काढतो. मामी बरी आहे.

तुझा मामा,
हिरालाल

ता. क. पुढील पत्रे कचेरीच्या पत्त्यावर पाठवू नयेत, घरच्या पत्त्यावर पाठवावीत. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव नसले तरी चालेल.


सावळधरा
५ ऑक्टोबर १९९४

मामा, जयभीम.

तुमचं पत्र पोस्टमननं काठीच्या टोकाला चिमट्यात धरून कुंपणावरून दिलं. मी मायला मोठ्यानं वाचून दाखवत होते. उन्हाचं वाक्य आलं तसं तिनं मला थांबवलं. "पुन्हा वाच," म्हणाली. मी पुन्हा वाचलं. "आपलं पत्र वाळू घातलं? हिरानं?"

रिकामा वेळ कोणाला मिळाला ते आता मी सांगते. दवंडी झाली त्या दिवसापासून तीन माणसं आणि एक शेळी दोन पितळी गुंड पाण्यावर होती. ते दोन गुंड धुरपताआजी सकाळी फाटकाशी ठेवून जायच्या. सत्तरीची म्हातारी! सोमवारी बंडूजींनी त्यांना हापशीवर अडवलं आणि सांगितलं, "उद्यापासून पाणी नेलं त तुह्याबी दारात काटे टाकीन." आजी रडत आल्या आणि तशाच परत गेल्या. तेव्हापासून आम्ही छपराच्या कवेलूंवरून पडलेलं पावसाचं पाणी कपड्यानं गाळून पितो. तुमच्या वेळापत्रकात पाचला उठून स्नान आहे. कशानं करायचं?

दादाला शुद्धलेखन काढायला सांगता. तो पाच दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. जेवण समोर ठेवलं तर म्हणायचा, "माझ्यामुळं तुम्हाले हे झालं, मी सुरतेतच मेलो असतो त बरं झालं असतं." जो मुलगा दवाखान्यात जाऊन चिठ्ठी घेऊन आला, त्याला मरावंसं वाटतं. जो तपासलाच नाही, तो दुकानात साखर मोजतो. आणि तुम्ही म्हणता, ऐकीव असू शकतं! दादानं त्याच्यासोबत शेंगदाणे खाल्ले, मामा. दादाचं पण ऐकीवच का?

आता एक गोष्ट सांगते. सोमवारी आजी परत गेल्या तेव्हा माय बराच वेळ आवारात उभी होती. मग तिनं पदर खोचला, लोखंडी सब्बल काढली आणि मागच्या कोपऱ्यात एक गोल रेघ मारली. चार हात रुंद. मला वाटलं शेळीसाठी काही करते. म्हणाली, "विहीर काढतो आपण."

मी हसले. मला आता त्याची लाज वाटते. माय रोजगार हमीच्या विहिरींवर दहा वर्षं होती, हे मला माहीत होतं. पण मी समजत होते की ती फक्त टोपली वाहायची. मी तसं बोलून गेले, तर म्हणाली, "टोपलेच नाई उचलले मी. पाणी कुठं लागन ते मुकादमाले मीच दाखवत होती. नाव त्याचं व्हये." तिनं मला जागा समजावून दिली. त्या कोपऱ्यात उन्हाळ्यातही गवत हिरवं राहतं, पलीकडून नाल्याचा जुना ओघ जातो, आणि यंदा पाऊस एवढा झाला की जमिनीच्या पोटात पाणी वरवर आलं असेल. वर काळी माती, मग पिवळी, मग मुरूम, आणि मुरमात पाणी. एवढं सगळं ती एका दमात बोलली. बावीस वर्षांत मी तिला हे कधी विचारलंच नव्हतं.

काल दुपारी दादा उठला. मायच्या हातून सब्बल घेतली, म्हणाला, "तू वर राह्य." आज संध्याकाळपर्यंत तीन हात झालं. माती मी वाहते. हाताला फोड आले आहेत म्हणून अक्षर असं आलं आहे. तुमच्या वेळापत्रकाच्या कोऱ्या बाजूला मी रोज किती हात झालं ते लिहिते.

आरोग्याच्या साहेबांना तुम्ही विचारलं का? योग्य वेळ कधी येणार आहे?

नंदिनी


बोरगाव मेघे, वर्धा
८ ऑक्टोबर १९९४

चि. नंदिनीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राची भाषा वाचून वाईट वाटले. वडीलधाऱ्यांशी असे लिहू नये. तुम्हाला त्रास होत आहे हे मी नाकारत नाही, पण प्रत्येक गोष्टीला एक पद्धत असते.

विहिरीचे काम ताबडतोब थांबवा. गावठाणात विहीर खोदण्यास ग्रामपंचायतीची लेखी परवानगी लागते. सध्याच्या वातावरणात हे कृत्य चिथावणीचे मानले जाईल. शिवाय बाईचे आता वय झाले. ओल्या काळ्या मातीचा भरवसा नसतो. उद्या काही झाले तर जबाबदार कोण? पाण्याबाबत सरपंचांना नम्रपणे विनंती करावी. ते माणूस म्हणून वाईट नसावेत.

आरोग्याच्या साहेबांशी मी बोललो. प्रकरण विचाराधीन आहे असे त्यांनी सांगितले. तेव्हा धीर धरावा.

येत्या चौदा तारखेला दसरा. बाई दरवर्षी न चुकता नागपूरला दीक्षाभूमीवर जाते, हे मला माहीत आहे. यंदा मुदत संपली तरी तिने जाऊ नये. गर्दीत कोणी ओळखीचे भेटले आणि सुरतेचा विषय निघाला तर आपलीच शोभा होईल. मीही जाणार नाही.

पंधरापैकी तेरा दिवस तर गेलेच. दोन दिवसांसाठी कशाला एवढा खटाटोप?

तुझा मामा,
हिरालाल


सावळधरा
१५ ऑक्टोबर १९९४

हिरालालमामा,

दोन दिवस, असं तुम्ही लिहिलंत. दहा तारखेला आमची मुदत संपली. त्याच सकाळी पुन्हा दवंडी झाली. अजून पंधरा दिवस. का, तर "पेपरात अजून प्लेग येऊनच राह्यला." माय फाटकाशी गेली आणि अगदी तुम्ही सांगितलं तशी नम्रपणे म्हणाली, "बंडूजी, एक हापशी सोडा, सगळे घरी गेल्यावर भरून घेईन." ते म्हणाले, "तुमी त विहीर खांदून राह्यले म्हणे. मंग पाण्याची काय कमी हाये तुम्हाले?" त्यांची माणसं हसली. माय मागं वळली आणि सरळ खड्ड्यात उतरली.

बुधवारी, बाराला, सकाळी दहाच्या सुमारास दादा नऊ हात खाली होता. आम्ही बांबूच्या जुन्या ताट्या कडेला लावल्या होत्या, पण एका बाजूला ताटी पुरली नव्हती. आदल्या दिवशी पाऊस झालेला. मी टोपलं ओतायला वळले आणि मागून एक जड, बसका आवाज आला. दादाचा आवाज आला नाही. मी वाकून पाहिलं तर छातीपर्यंत माती आणि वर नुसतं त्याचं तोंड, उघडं. तो श्वास घ्यायला बघत होता आणि घेता येत नव्हता. मायनं शिडीची वाट पाहिली नाही. दोर धरून खाली गेली आणि हातांनी माती उपसायला लागली. सब्बल वापरली तर त्यालाच लागेल म्हणून हातांनी. तिची नखं निघाली, मामा.

मी किंचाळत होते. कोणाला हाक मारत होते ते मला आठवत नाही. सगळ्यात आधी धुरपताआजी आल्या. बाभळीच्या काट्यांवरून, अनवाणी. त्यांच्या मागून चिंधूबाबा आणि वस्तीतली दहा-बारा माणसं. फांद्या कोणी उचलल्या नाहीत, तुडवूनच आली. सतरा दिवस जे लोक आमच्या दारावरून मान खाली घालून जात होते, तेच खड्ड्यात उतरले. अर्ध्या तासानं दादाला वर घेतलं. दोन बरगड्यांना मार आहे, डावा पाय सुजला आहे, पण तो जिवंत आहे. चिंधूबाबा कुंपणाला धरून उभे होते. म्हणाले, "आम्ही भेलो, पोरी. दुसरं काही नाई." निदान ते आले तरी.

कोणी तरी सायकलनं वडनेरला गेलं आणि नर्सबाईंना घेऊन आलं. ज्योत्स्नाबाई नाव. त्यांनी दादाला पट्ट्या बांधल्या, मग तुडवलेल्या फांद्यांकडे पाहून विचारलं, "हे काय आहे?" आम्ही सांगितलं. त्या इतक्या संतापल्या की त्यांचा आवाज फाटला. "अहो, कोणालाही घरात कोंडू नका, तपासा आणि गोळ्या द्या, असं परिपत्रक केव्हाच आलंय! प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठवलंय!" आणि त्यांनी पिशवीतून कागद काढला.

तारीख २९ सप्टेंबर. खाली गोल शिक्का, "खरी प्रत" आणि त्याखाली सही, ३० सप्टेंबरची.

ती सही मी लहानपणापासून ओळखते. दर जूनमध्ये तुम्ही मला शाळेची पुस्तकं आणून द्यायचे आणि पहिल्या पानावर तीच सही करायचे.

म्हणजे तीस तारखेला तुम्ही हा कागद शंभर गावांना पाठवला, आणि एक तारखेला बसून आम्हाला वेळापत्रक आखून दिलं. तुमच्या पत्रात विणकाम होतं, फुलझाडं होती. हा कागद नव्हता. आठ तारखेला तुम्ही लिहिलं, प्रकरण विचाराधीन आहे. त्याच्या आठवडाभर आधीच ते तुमच्याच हातून निघून गेलं होतं. का, मामा? मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. मला एकही कारण सापडत नाही.

नर्सबाईंनी तो कागद बंडूजींसमोर धरला. ते म्हणाले, आला असेल, ऑफिसात पडला असेल, वाचायले फुरसत कोणाले हाये. गुरुवारी घरबंदी उठली. काल दसरा होता. दादाला सोडून माय नागपूरला गेली नाही. आजवर ती एकदाही चुकली नव्हती. बोटांना पट्ट्या होत्या म्हणून मेणबत्ती मी लावली.

विहीर थांबलेली नाही. माय म्हणते, ज्यांनी एकदा हापशी बंद केली ते पुन्हा करतील. आता वस्तीतली माणसं पाळीपाळीनं खाली उतरतात.

हे पत्र मी कचेरीच्या पत्त्यावर पाठवते आहे. पाकिटावर नाव लिहिलं आहे, सावळधरासकट. उत्तराची वाट पाहत नाही.

नंदिनी कमलाबाई


बोरगाव मेघे, वर्धा
२१ ऑक्टोबर १९९४

प्रिय बाई, आणि चि. नंदिनी,

चार दिवस लिहायला बसतो आहे आणि कागद फाडतो आहे.

आरोग्याच्या साहेबांशी मी बोललो नव्हतो. ते खोटे लिहिले.

सव्वीस सप्टेंबरला कचेरीत सगळ्यांना एक कागद फिरवला होता. आपल्या घरचे, नात्यातले कोणी सुरतेहून आले असल्यास लिहून द्यावे. मी "कोणी नाही" असे लिहून सही केली. तेव्हा खरोखरच मला माहीत नव्हते. तीन दिवसांनी नंदिनीचे पत्र आले, आणि दुरुस्ती करायला मी उठलो नाही. त्याच सुमारास वरच्या जातीचा एक बाबू सुरतेच्या पाहुण्यामुळे नुसत्या संशयावरून घरी बसवला गेला. परत आला तेव्हा त्याच्या टेबलाशी कोणी जाईना.

तो आठवड्याभरात सगळ्यांत मिसळून जाईल. माझे तसे झाले नसते. बाई, तुला हे मी कधीच सांगितले नाही. मी कचेरीत लागलो तेव्हा माठाजवळ माझा पेला वेगळा ठेवला होता. त्याला खाली लाल रंगाचा ठिपका होता. कोणी काही बोलत नसे, पण ठिपका होता. तो पेला जायला नऊ वर्षे लागली. आता मी डबा उघडतो तर चार जण हात घालतात. सुरतेचे नाव निघाले असते तर तो पेला दुसऱ्या दिवशी परत आला असता, अशी भीती मला बसली. परिपत्रकाच्या प्रती काढताना सावळधऱ्याचे नाव मी स्वतःच्या हाताने लिहिले. वाटले, कागद जाईल, काटे निघतील, आणि मला मध्ये पडावे लागणार नाही. तो वाचलाच गेला नसेल हे मला सुचायला हवे होते. अठरा वर्षे मी असे कागद पाठवतो आहे.

रत्नदीप मातीखाली होता त्या वेळी मी चहा पीत होतो. बाराला सकाळी दहा म्हणजे आमच्या चहाची वेळ.

माफी मागायला तोंड नाही. विहिरीचे काय झाले ते तरी कळवा.

तुमचा,
हिरालाल


सावळधरा
२५ ऑक्टोबर १९९४

हिरा,
जयभीम.

मी बोलून राह्यली अन् नंदा लिहून राह्यली. तिले म्हनलं, जसं बोललं तसंच लिहिजो, सुधारू नको.

तुह्यं पत्र तिनं वाचलं. पेल्याचं आलं तवा मी उठून आवारात गेली. अठरा वर्षांत तू कधी सांगितलं नाई मले. दर दिवाळीले येऊन कचेरीतले लोक किती चांगले हायेत तेच सांगे. मीबी गावभर तेच सांगत फिरली.

पन म्हनून माहा राग गेला असं समजू नको. राग हाये. तुले भेव वाटलं ते मले समजते. चिंधूबाबाले वाटलं, वस्तीतल्या सगळ्याइले वाटलं, मले बी वाटलं. पन तू भेव नाई लिहिलं. तू आम्हाले पाचाले उठा म्हनून लिहिलं. मी चाळीस वर्षांपासून चाराले उठतो, हिरा! तुले ते माहीत नाई काय? माह्याच हातची भाकर बांधून तू वडनेरच्या शाळेत जात होता. एक कार्ड टाकलं असतं, 'बाई, कोंडायचा हुकूम नाई', बस एवढंच, त माहा पोरगा मातीत नसता गेला. त्याच्या तोंडात माती गेलती. मी बोटं घालून काढली. ते मी मरेपर्यंत इसरत नाई.

आता विहिरीचं आयक. मागच्या मंगळवारी चौदा हातावर मुरूम वल्ला लागला. मी खाली उतरून हात ठिवला त थंडा. म्हनलं, अजून अर्धा हात. चिंधूबाबाच्या पोरानं सब्बल मारली अन् कडेनं बारीक धार आली. आधी गढूळ. रत्नदीप लंगडत काठावर बसून होता, तो एकदम हसला. महिन्यात पह्यल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबरभर पाणी होतं अन् खालचे गोटे दिसत होते. वस्तीतल्या सगळ्या बाया गुंड घेऊन आल्या. धुरपताबाईनं दोर वढला.

काल नोटीस आली. परवानगी नाई, आठ दिवसांत बुजवा, नाई त पंचायत बुजवन अन् दंड करन. आनून दिली कोणं, त योगेंद्रनं. नाकाले रुमाल बी नवता. मी विचारलं, "तू कोणत्या डब्यात होता रे?" तो सही घ्यायची सोडून पळाला.

सतरा दिवस प्यायले पाणी दिलं नाई. आमचं आम्ही काढलं त ते बुजवा म्हंते! हे कोणत्या कायद्यात हाये ते मले समजत नाई. बुजवायले कोणी आलं त मी खाली उतरून बसन. मंग टाका म्हना माती.

मले लिहिता येत नाई. तुले येते. माह्यासाठी रडू नको अन् माफीबी मांगू नको. लिही. भाऊ म्हनून मले लिहिलं ते पुरे झालं, आता तिथं लिही, जिथं तुह्या सहीनं काम होते. अन् खाली नाव पुरं टाक.

कमलाबाई
(अंगठा)

मामा, जसं बोलली तसंच लिहिलं आहे. रडत नव्हती. — नंदिनी


वर्धा, कचेरीतून
२९ ऑक्टोबर १९९४

बाई,
जयभीम.

साहेबांचा शिपाई ओमप्रकाश आजच जीपने हिंगणघाटकडे येतो आहे. हे पत्र आणि सोबतचा आदेश त्याच्याच हाती देतो. आदेश दोन प्रतींत आहे. एक नंदिनीने जपून ठेवावी. दुसरी बंडूजींना द्यावी आणि पोच म्हणून तिच्या मागे त्यांची सही घ्यावी. ते सही करायला तयार नसतील तर ओमप्रकाशसमोर तसे लिहून ठेवावे.

तुझे पत्र काल आले. रात्रभर मी अर्ज लिहिला आणि सकाळी अकराला मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यातला मजकूर तुला कळावा म्हणून उतरवून देतो:

"मी खाली सही करणार हिरालाल, लिपिक, सादर करतो की, सुरतेहून आलेला रत्नदीप हा माझा सख्खा भाचा आहे. दवाखान्याचे प्रमाणपत्र असतानाही त्याला, त्याच्या आईला व बहिणीला सतरा दिवस घरात कोंडून त्यांचे पाणी तोडण्यात आले. त्याच गाडीने आलेल्या सरपंचांच्या पुतण्याला कोणीही अडवले नाही. कोंडू नये असे परिपत्रक पंचायतीने न वाचता ठेवले. ज्यांनी पाणी तोडले तेच आता त्या कुटुंबाने स्वतःच्या आवारात, स्वतःच्या हातांनी काढलेली विहीर बुजवण्याची नोटीस देतात. परवानगीचा प्रश्न असेल तर मी विचारतो, पाणी तोडण्याची परवानगी पंचायतीने कोणाकडून घेतली होती? नोटीस रद्द करून संबंधितांची चौकशी व्हावी. तसेच, नात्यातले कोणी सुरतेहून आले नाही असे मी लिहून दिले होते. खरे कळल्यावर मी ते दुरुस्त केले नाही. ही माझी लबाडी होती."

साहेबांनी दोनदा वाचले. मग चष्मा काढून म्हणाले, "हिरालाल, शेवटची दोन वाक्ये काढून टाका. त्यांच्याशिवायही अर्ज चालतो."

मी म्हणालो, "साहेब, ती काढली तर बाकीचा कोणाचा आहे ते कळणार नाही."

माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाहेरचे टाइपरायटर थांबले. मग साहेबांनी नोटिशीला स्थगिती दिली, चौकशीचा शेरा मारला, आणि वेगळ्या कागदावर मला लेखी खुलासा विचारला. डिसेंबरात बढतीची यादी निघायची होती. त्यात आता मी नसेन. ते ठीक आहे. त्याबद्दल नंदिनीने काही लिहू नये.

दीडला जेवणाची सुट्टी झाली. मी डबा उघडला. नेहमीचे चौघे पलीकडच्या टेबलाशी बसले. एकाने माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. माठावर जाऊन मी स्वतःच्या हाताने पाणी घेतले, सगळ्यांच्याच पेल्यातून, आणि जागेवर येऊन बसलो.

डबा एकट्याने खाल्ला, बाई. सगळा संपवला. फार भूक लागली होती.

तुझा भाऊ,
हिरालाल चिंतामण वासे